उघडी नोंद

नांदवडीत मुलगी द्यायची तर आधी शैलजा मगदूमच्या वधू-वर ऑफिसची पायरी चढायची, अशी रीतच पडून गेली होती. पूर्वी लोक मुलाच्या गल्लीत जायचे, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला गाठायचे, न्हाव्याच्या दुकानात उगाच दाढी करून घ्यायचे आणि ‘अमक्याचा पोरगा कसा आहे ओ?’ म्हणून हळूच विषय काढायचे. त्यात त्या पानवाल्याचं आणि मुलाच्या बापाचं वाकडं असलं की संपलंच. आता ती कटकट राहिली नव्हती. शैलजा खुर्चीत बसल्या बसल्या फलक उघडायची, मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव टाकायची आणि चष्म्यावरून समोरच्यांकडं बघायची. त्या बघण्यावरूनच लोकांना काय ते कळायचं.

त्या मंगळवारी सकाळी हुपरीकडचं एक जोडपं समोर बसलं होतं. त्यांच्या मुलीसाठी बघितलेला मुलगा इंजिनिअर, घरचं बरं, दिसायला देखणा.

“एक नोंद आहे,” शैलजा म्हणाली.

“अगं बाई! कसली?”

“मिरवणुकीत डॉल्बी लावल्याची. मंडळाचा अध्यक्ष होता, म्हणून पोलिसांनी नेऊन बसवलं. संध्याकाळी सोडलं.”

“मग त्यात काय विशेष?” नवरा म्हणाला. “आम्ही पण लावायचो की.”

“विशेष काहीच नाही. पण नोंद आहे.”

बाईनं पर्स उचललीसुद्धा. नवरा बिचारा हातातला चहा तसाच ठेवून तिच्या मागं गेला.

आता हा फलक म्हणजे काय आणि तो कशासाठी आला, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गंमत अशी, की तो आणण्यासाठी ज्यांनी रस्त्यावर उतरून घसा कोरडा केला, त्यांत ही शैलजाच होती. तिचा धाकटा भाऊ भरतेश. चोरीच्या संशयावरून एका संध्याकाळी त्याला पोलिसांनी उचललं. आई डबा घेऊन या चौकीतून त्या चौकीत फिरली, प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, ‘आमच्याकडं नाही.’ दुसऱ्या दिवशी दुपारी तो सरकारी दवाखान्यात सापडला, पांढऱ्या चादरीखाली. कागदावर अटक त्या दिवशी सकाळची दाखवली होती. मधली रात्र कुठल्याच कागदावर नव्हती. त्यानंतर कैक वर्षं शैलजा भरतेशचा फोटो छातीशी धरून मोर्चांत चालली. तिच्यासारख्या आणखी बऱ्याच आया-बहिणी होत्या. शेवटी कायदा झाला, आणि कडं आलं.

माणसाला अटक केली की पहिल्यांदा त्याच्या मनगटावर कडं चढवायचं, मग बाकीचं सगळं. कडं चढलं की त्याच क्षणी त्याचं नाव, वय, कलम आणि पोलीस ठाणं फलकावर झळकायचं. आपल्या पंचक्रोशीत आत्ता कोण कुठं कोठडीत आहे, हे कुणालाही घरबसल्या दिसायचं. कड्याच्या आतल्या बाजूला बारीक हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीतून आत जातो, वाहत्या रक्तावरून परततो, आणि परतणारा उजेड कमी-जास्त होतो त्यावरून नाडी कळते. हे साध्या मनगटी घड्याळातही असतं. कड्याची करामत त्याच्या पुढची. माणसाला मार बसतो तेव्हा कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, श्वास अडतो, घामातले क्षार बदलतात, आणि हे सगळं एका ठरावीक क्रमानं होतं. तो क्रम कडं ओळखतं. ही सगळी हालहवाल एका रेषेच्या रूपानं फलकावर नावाच्या खाली सरकत राहायची. तिची प्रत त्याच वेळी कॉलेजांत, वाचनालयांत, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत, शेकडो ठिकाणी उमटायची. एकीकडं खाडाखोड केली तर बाकीच्या प्रती लगेच चुगली करायच्या. भरतेशसारखी मधली रात्र गायब करणं आता शक्य नव्हतं.

एकच अडचण होती. दम्याचा झटका, वाईट स्वप्न, नुसती धास्ती, यांचाही क्रम बराचसा तसाच दिसतो. सुरुवातीला यंत्र इतक्या वेळा ओरडायचं, की ठाण्यात कुणी मान वर करेना. म्हणून कायद्यानं मध्ये माणसं घातली. यंत्राला शंका आली की रेषा लाल होणार. त्या वेळी ती रेषा बघत असलेल्या पन्नास जणांनी तिच्यावर बोट ठेवलं, की दंडाधिकाऱ्यांचा आणि सरकारी डॉक्टरचा फोन वाजणार, आणि डॉक्टरनं ठाण्यात जाऊन तो माणूस डोळ्यांनी बघायचा. या बघणाऱ्यांना कायद्यात साक्षीदार असं भारदस्त नाव होतं. गावातलं पोर आत आहे म्हटल्यावर पन्नास माणसं बघणारच की, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं.

गाव बघत होतं, पण वरचं. नाव आणि कलम. खालच्या रेषेपर्यंत बोट न्यायच्या आधीच लोक फलक बंद करायचे. त्यावरून लग्नं मोडायला लागली, भाड्यानं घर मिळेना, नोकऱ्या हुकायला लागल्या. ओरड झाली तसा सरकारनं पडदा आणला. अटक झाल्यापासून सूर्यास्ताच्या आत आरोपीनं आणि हयात असलेल्या आई-वडिलांनी मिळून अर्ज केला, की नोंद पडद्याआड. नाव नाही, रेषाही नाही. कडं मनगटावरच राहायचं, सगळं साठवून ठेवायचं, पण कोर्टानं उघडल्याशिवाय ते कुणाच्या नजरेला पडायचं नाही. पडदा आल्यापासून ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडला’ हे ठाण्यातले जुने शब्द जिल्ह्यात पुन्हा ऐकू यायला लागले होते. शैलजाच्या ते कानावर यायचं. ती ऐकायची आणि दुसऱ्या स्थळाची फाइल उघडायची.

हुपरीचं जोडपं गेल्यावर ती चहाचे कप उचलतेय तोवर फोन वाजला. वनिता कुंभार. विधवा बाई, शाळेत शिपाई, एकुलता एक मुलगा प्रणव. त्याच्यासाठी शैलजा वर्षभर स्थळं बघत होती.

“काकी, प्रणवला उचललं ओ पोलिसांनी,” वनिता रडत होती. “कालच्या त्या पाण्याच्या मोर्चातनं. मी काय करू?”

मोर्चाचं शैलजालाही माहीत होतं. नगरपालिकेवर पोरं गेली होती, ढकलाढकली झाली, आणि एका पोलीस अधिकाऱ्याच्या डोक्यात दगड बसला. दगड कुणी मारला ते कॅमेऱ्यात दिसत नव्हतं. दिसत होते ते तालीम मंडळाचे जांभळे टी-शर्ट, आणि या शहाण्यांनी हौसेनं पाठीवर प्रत्येकाचं नाव मोठ्या अक्षरांत छापून घेतलं होतं. पोलिसांना नुसतं वाचत जायचं होतं.

“रडू नको. आधी पडदा घे,” शैलजा म्हणाली. “लग्नाचं पोर आहे. ठाण्यात जा, पडद्याची वेगळी खिडकी आहे. तू एकटीच आहेस, तुझी एकटीची सही चालते. कुणी नाव बघायच्या आत करून टाक.”

“त्यानं त्याला काही त्रास नाही ना व्हायचा आत?”

“त्रास कसला? कडं असतंच की हातात.”

हे ती किती सहज बोलून गेली. इतक्या जणांना सांगून झालं होतं, की जिभेला वळणच पडलं होतं.

फोन ठेवला तर दारात नवरा उभा. सुकुमार मगदूम म्हणजे शांत माणूस, बँकेतून निवृत्त झालेला, पण आज त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“शैला, सन्मतीला नेलं.”

“कुठं नेलं?”

“कुठं काय? ठाण्यात. त्यानं पण घातला होता ना तो टी-शर्ट.”

तिनं फलक उघडला. रोज दहादा उघडायची, पण आज पोराचं नाव टाकताना दोनदा चुकली. *सन्मती सुकुमार मगदूम, वय पंचवीस.* नेहमीप्रमाणे नजर कलमावर गेली, आणि मग कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच तिनं पान खाली सरकवलं. रेषा हलत होती. तिच्या पोराचं काळीज धडधडत होतं आणि ते तिला दिसत होतं. कोपऱ्यात साक्षीदारांचा आकडा होता: तीन. त्यात एक ती स्वतः.

“चल लवकर, पडदा घेऊ,” सुकुमार म्हणाला. “रविवारी साखरपुडा आहे. चौगुल्यांनी बघितलं तर?”

चौगुल्यांनी बघितलंच होतं. ठाण्याच्या वाटेवर असतानाच महावीर चौगुल्यांचा फोन आला. सन्मतीचे होणारे सासरे, सभ्य गृहस्थ. आवाज चढवला नाही, काही नाही.

“वहिनी, पोरांच्या हातनं व्हायचंच असं. ऋजुताचं काही म्हणणं नाही. तुम्ही दिवस मावळायच्या आत पडदा घ्या, म्हणजे झालं. आमच्या पाहुण्यांना दिसलं नाही, म्हणजे ते घडलंच नाही. मी पण विसरलो.”

“बरं, अण्णा,” शैलजा म्हणाली.

ती खरंच घेणारही होती. पोरगी गुणी, पोराचा जीव जडलेला, हॉल ठरलेला. शिवाय ती स्वतः लोकांना हेच सांगत होती. रिक्षातून उतरेपर्यंत तिच्या मनात दुसरा विचारसुद्धा नव्हता.

ठाण्यात काचेच्या पलीकडं पोरं बाकावर बसली होती. सन्मती टोकाला होता. आईला बघून त्याला बरं वाटलं. तो काचेशी आला.

“मी दगड मारला नाही, आई.”

“मला सांगायला पाहिजे का ते?”

“पण कुणी मारला ते सांगा म्हणतायत. सगळ्यांना एकेकाला विचारणार आहेत म्हणे.” मग आवाज बारीक करून तो म्हणाला, “मी पडद्याची सही केलीय. तू आणि पप्पा करा. ऋजुताच्या घरी कळायला नको.”

“कधी विचारणार आहेत?”

“काय माहीत. रात्री असेल.”

एकेकाला. रात्री. भरतेशला पण असंच काहीतरी विचारायचं होतं त्यांना.

पडद्याच्या खिडकीपाशी वनिता उभी होती. तिचं काम झालं होतं. हातात पावती होती आणि डोळे पुसून ती हसायचा प्रयत्न करत होती.

“काकी, तुमच्यामुळं वेळेत झालं बघा. कुणालासुद्धा दिसलं नाही. तुम्ही पण आलाय? सन्मती पण?” तिनं शैलजाचा हात धरला. “काळजी करू नका, ही मॅडम लगेच करून देते.”

शैलजानं हात सोडवून घेतला आणि खिडकीतल्या पोलीसबाईला विचारलं, “मॅडम, एकदा घेतलेला पडदा काढता येतो का?”

“नाही. कोर्टानं हुकूम दिला तरच. आणि कोर्टाला पण कारण लागतं. दबाव टाकून घ्यायला लावला, चुकीची माहिती देऊन घ्यायला लावला, असलं काहीतरी शपथेवर सिद्ध करावं लागतं, आणि ती साक्ष नावासकट फलकावर लागते.” तिनं फॉर्म पुढं सरकवला. “इथं सही करा. दोघांनी.”

सुकुमारनं करून टाकली. पेन शैलजाच्या हातात आलं. शेजारी वनिता पावती घडी घालून पिशवीत ठेवत होती. तिला आत्ता सांगायला हवं होतं. ‘बाई, मी तुला चुकीचं सांगितलं, आत्ताच्या आत्ता वकील बघ, दिवस आहे तोवर काहीतरी कर.’ शब्द अगदी ओठावर होते. पण सांगायचं तर आधी हेही सांगायला लागलं असतं, की मला हे ठाऊक होतं. आणि वनिताच्या तोंडावर इतकं समाधान होतं. शैलजानं नजर फॉर्मकडं वळवली. वनिता “येते हं” म्हणून निघून गेली.

शैलजानं पेन खाली ठेवलं.

“काय झालं?” सुकुमार म्हणाला.

“मी नाही करत सही.”

“शैला, डोकं फिरलंय का तुझं? पोरानं स्वतः केलीय. मी केलीय. रविवारी साखरपुडा आहे!”

“अहो, रविवार यायच्या आधी आजची रात्र आहे ना?”

“तुझ्या भावाचं डोक्यातनं काढ. ते दिवस गेले.”

“कशामुळं गेले?” ती म्हणाली. “सगळे बघत होते म्हणून गेले. आता बघायला कोण आहे? तीन माणसं. त्यात तुम्ही-मी.”

काचेच्या पलीकडून सन्मती बघत होता. आईनं सही केली नाही हे त्याला कळलं. त्यानं तळहात काचेवर आपटला, काहीतरी ओरडला, आणि मग पाठ फिरवून बसला. त्या पाठीवर जांभळ्या टी-शर्टवर त्याचं नाव होतं. शैलजाला पोराची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली, पण ती मागं वळली नाही.

घरी आली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. साक्षीदारांचा आकडा अकरावर होता, तोही खालीवर होत होता. लोक उघडत होते, ‘अरे, मगदूमबाईंचा पोरगा!’ म्हणत होते आणि बंद करत होते. पन्नास हवे होते. रेषा लाल झाली त्या क्षणी पन्नास बोटं हवी होती. अकरांनी काय होणार? नुसती उघडी नोंद म्हणजे उघड्यावर टाकलेलं पोर. अब्रू जाते, आणि जीवही राखला जात नाही.

तिच्या फोनवर स्थळांचा ग्रुप होता. पंचक्रोशीतली हजारभर घरं त्यात होती. तिथं ती आजवर फोटो, शिक्षण आणि उंची टाकत आली होती. तिनं बोलायचं बटण दाबलं.

“मी शैलजा मगदूम. माझ्या मुलाला, सन्मतीला, आज अटक झालीय. मी पडदा घेतलेला नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला फलकाचं वरचं दाखवत आले, आज खालचं बघा. तिथं एक रेषा आहे. ती त्याची नाडी आहे. कृपा करून ते पान उघडं ठेवा. उद्या कोर्टात नेईपर्यंत पन्नास जण सतत बघत राहिले पाहिजेत. रेषा लाल झाली तर तिच्यावर बोट ठेवा. ज्यांना माझ्यावर राग आहे त्यांनी पण बघा. माझ्यामुळं ज्यांची लग्नं मोडली त्यांनी तर बघाच, हक्कानं बघा. पण बंद करू नका.”

“संपवलंस सगळं,” सुकुमार म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन पडला.

चौगुल्यांचा फोन पंधरा मिनिटांत आला. “वहिनी, मी विसरलो असतो. तुम्हीच गावाला ओरडून सांगितलंत. आता मी पाहुण्यांना काय तोंड दाखवू?” एवढंच बोलून त्यांनी ठेवला. ग्रुपमधून माणसं भराभर बाहेर पडायला लागली. धंदा बसला, हे तिला तिथंच कळलं.

आणि कोपऱ्यातला आकडा वाढायला लागला. तीस. सत्तर. दोनशे. कुणी काळजीनं बघत होतं, कुणी ‘बरी जिरली’ म्हणून बघत होतं. डॉल्बीवाल्या इंजिनिअरच्या आईनं ग्रुपवर लिहिलं, ‘बघतेय हो बाई, डोळे भरून बघतेय.’ फलकाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला डोळे हवे होते, आणि कुचाळकीसाठी उघडलेला डोळाही तो मोजत होता. सूर्य मावळला तेव्हा आकडा पाचशेच्या वर होता.

प्रणवची रेषा बघायला मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. तिला त्याची पुन्हा पुन्हा आठवण होत होती. तिनं वनिताला दोनदा फोन लावला आणि रिंग वाजायच्या आधी दोन्ही वेळा कापला.

रात्र कशीतरी गेली. एकदा मध्येच सन्मतीची रेषा उसळली. नाडी इतकी वाढली की शैलजानं बोट फोनच्या काचेवर नेऊन ठेवलं, पण रेषा लाल झाली नाही. बराच वेळ ती तशीच थरथरत राहिली आणि मग हळूहळू खाली आली. त्या वेळी चारशे माणसं जागी होती.

दुसऱ्या दिवशी कोर्टानं सगळ्यांना जामीन दिला. सन्मतीच्या अंगावर ओरखडाही नव्हता. तो घरी आला, अंघोळ केली, जेवला आणि ऋजुताला फोन लावला. तिनं उचलला नाही.

“झालं समाधान?” तो आईला म्हणाला. “बघ, काही झालंय का मला? काही होणारच नव्हतं. उगाच गावभर दिंडोरा पिटलास.”

काही झालं नाही ते बघणाऱ्यांमुळं, की होणारच नव्हतं म्हणून, हे तिला कुठल्याच यंत्रानं दाखवता येणार नव्हतं. तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्यानं ती तशीच ठेवली.

चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. साखरपुड्याचा रविवार आला तसा गेला. सोमवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भाजी निवडत असताना तो दारात येऊन उभा राहिला. डोळे तांबारले होते.

“आई, प्रणवकडं जाऊन आलो मी.”

“कसा आहे?”

“डाव्या पायावर टेकता येत नाही त्याला. कानात आवाज येतात म्हणतो. वनितामावशीला सांगितलंय, बाथरूममध्ये पडलो.” तो खाली जमिनीवरच बसला. “त्या रात्री दोघं जण आले. आधी माझ्यापाशी आले. एकानं माझी कॉलर धरली, तर दुसरा म्हणाला, ‘त्याला सोड, त्याला चारशे जण बघतायत. पडदावाला कोण आहे?’ मग प्रणवला उठवलं. तो माझ्याकडं बघत होता. त्याला पलीकडच्या खोलीत नेलं आणि मला सगळं ऐकू येत होतं. मी काही बोललो नाही, आई. मी गप्प बसलो. मला वाटलं, बोललो तर मला नेतील.”

तो ढसाढसा रडायला लागला. पंचविशीचा पोरगा, तालमीत घाम गाळलेला, आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहानासारखा रडत होता. शैलजा त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. आपलं पोर वाचलं याचा आनंद तिला त्या क्षणीही झाला, आणि त्या आनंदाचीच तिला शिसारी आली. तिनंच एकाला उजेडात ठेवलं होतं आणि दुसऱ्याला अंधारात ढकललं होतं.

तिनं भाजी बाजूला सारली, तोंडावर पाणी मारलं आणि निघाली.

कुंभारांचं घर दोन खोल्यांचं. वनितानं दार उघडलं, पण नेहमीसारखं ‘या काकी’ म्हणाली नाही. आत खाटेवर प्रणव भिंतीकडं तोंड करून पडला होता.

“वनिता, तो पडला नाही,” शैलजा उभ्या उभ्याच म्हणाली. “त्याला मारलंय. सन्मतीनं ऐकलंय. कड्यात सगळं साठलेलं आहे, फक्त ते पडद्याआड आहे. कोर्टाकडनं उघडून घेता येईल.”

“मला माहीत आहे तो पडला नाही ते,” वनिता म्हणाली. “मी आई आहे त्याची.” मग तिनं शैलजाकडं नीट बघितलं. “काकी, मला एक सांगा. सकाळी तुम्ही मला पडदा घ्यायला सांगितलंत. दुपारी स्वतःच्या पोराला घेतला नाहीत. मधल्या दोन-तीन तासांत तुम्हाला असं काय कळलं? आणि खिडकीपाशी मी तुमचा हात धरून उभी होते, तेव्हा ते मला का नाही सांगितलंत?”

शैलजाला खोटं बोलता आलं असतं. घाबरले होते, सुचलं नाही, असं काहीतरी. तेही अगदीच खोटं नव्हतं.

“नवीन काहीच कळलं नाही,” ती म्हणाली. “पडद्याआड काय चालतं ते मला पहिल्यापासून माहीत होतं. तुला सांगितलं तेव्हाही माहीत होतं. तुझं पोर होतं तेव्हा मला लग्न दिसलं. माझं होतं तेव्हा जीव दिसला.”

वनिता शिव्या देईल, दार लावून घेईल, तोंडावर थुंकेल, आणि ते सगळं मुकाट्यानं घ्यायचं, अशी शैलजाच्या मनाची तयारी झाली होती. वनिता आत वळली. तिनं खुंटीवरची ओढणी काढून डोक्यावरून घेतली आणि खाटेपाशी जाऊन प्रणवच्या खांद्याला हात लावला.

“ऊठ बाळा. वकिलांकडं जायचंय. पडदा काढायचा.”

“नको आई. सगळ्यांना कळेल.”

“कळू दे.”

तिनं त्याला हाताला धरून उठवलं. तो तिच्या खांद्यावर भार टाकून एका पायावर उभा राहिला. दारापाशी आल्यावर ती शैलजासमोर थांबली.

“चुकीची माहिती देऊन पडदा घ्यायला लावला, हे शपथेवर सिद्ध करायला लागतं. तुम्हीच विचारत होता त्या मॅडमला, मी ऐकलं होतं,” ती म्हणाली. “आत्ता मला जे बोललात, ते कोर्टात बोलायचं. तुमच्या नावासकट, फलकावर. बोलाल?”

शैलजानं पुढं होऊन प्रणवचा दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला.

“चल,” ती म्हणाली, “वकील जायच्या आत गाठायला पाहिजे.”